समुद्राचं आरक्षण

आमच्या घरमालकांनी होडीत खिडकीजवळची जागा मागितली होती. पलीकडे फोनवर मालवणकडचा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, अगदी अदबीनं म्हणाला की काका, आमच्या होडीला खिडकी नाही, सगळीच खिडकी आहे. काकांना हे पटलं. त्यांनी पुढची अट घातली. जागा चाकावरची नको, गचके बसतात. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि हसू दाबायला मला ओढणी तोंडात कोंबावी लागली होती.

काकांनी उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. पैठण, वैजापूर, कन्नड, लासूर स्टेशन; त्यांची गाडी समुद्राच्या दिशेनं कधी गेलीच नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगातला कंडक्टर उतरला नव्हता. जिन्यात दोन भाडेकरू बोलत उभे दिसले की 'पुढं सरका' म्हणायचे. देवळात आरतीला गर्दी झाली तरी तेच. लग्नाच्या पंगतीत बसले की आधी मागं वळून किती जण उभे आहेत ते बघायचे, आणि उभ्या माणसांची त्यांना इतकी दया यायची की स्वतः घाईघाईनं जेवून उठायचे. नोकरी करणारी कोणतीही बाई त्यांच्यासाठी 'म्याडम'. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली आणि मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या दिवसापासून मी म्याडम झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

तर ह्या माणसाला शार्क पकडायचा होता. पकडून सोडून द्यायचा होता, पण पकडायचा होता. खऱ्या समुद्रात, जाणत्या माणसाच्या होडीतून, रीतसर आरक्षण करून. हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं म्हणून काकूंना विचारावं तर त्या कपाळाला हात लावायच्या. काकू माळकरी. त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. धरा, सोडा, काय करायचं ते करा, उंबऱ्याच्या आत वास नाय आला पायजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

काका आधी परदेशी होडीवाल्यांच्या मागे लागले होते. मोबाईलवर मीच त्यांना ते दाखवले. पांढऱ्याशुभ्र होड्या, काळे चष्मे घातलेली माणसं, खुर्चीला पट्ट्यानं बांधून घेऊन गळाशी झुंजणारी गिऱ्हाईकं. त्यातल्या ऑस्ट्रेलियातल्या एका कप्तानाला काकांनी माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं. आपलं गाव कोणतं, घरी कोण कोण असतं, आईवडील आहेत का. उलट टपाली त्यानं होडीची लांबी, इंजिनाची ताकद आणि गळाच्या दोरीचा प्रकार कळवला. काकांनी मला ते मराठीत सांगायला लावलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि मोबाईल परत दिला.

"गाव सांगत नाय तो माणूस," ते म्हणाले. "असल्याच्या होडीत कोण बसंल?"

मग माझी एक मैत्रीण मालवणला फिरून आली. तिच्याकडून ह्या तांडेलाचा नंबर मिळाला. त्यानं गाव सांगितलं, वाडी सांगितली, आईचे गुडघे दुखतात हेही सांगितलं. मोठा शार्क मिळेल का, ह्यावर मात्र त्यानं सरळ सांगून टाकलं की मोठे हल्ली दिसत नाहीत, काही जाती धरायला बंदी आहे, चुकून लागल्या तर सोडाव्या लागतात. लहान मोरी मिळाली तर मिळाली. शार्कला तिकडे मोरी म्हणतात. नाहीतर समुद्र बघायचा आणि परत यायचं. हमी काही नाही. जो हमी देत नाही त्याच्यावर काकांचा विश्वास चटकन बसायचा. गाडी वेळेवर पोचेल असं त्यांनीही आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

तिथून जे फोन सुरू झाले ते थांबेनात. संध्याकाळी चहा झाला की काका गॅलरीत खुर्ची टाकून मोबाईल लावायचे. तिकडून वाऱ्याची बातमी यायची, इकडून जायकवाडीत किती पाणी आहे त्याची जायची. तांडेलाच्या आईच्या गुडघ्यांना काकांनी एरंडाच्या पानांचा शेक सांगितला होता. आरक्षणाचा विषय सगळ्यात शेवटी निघे, सोयरिकीच्या बैठकीत देण्याघेण्याचा निघतो तसा. तारीख ठरली की काका खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "चला, डबल." डबल म्हणजे एसटीत दोरी दोनदा ओढतात ती घंटी. एकदा वाजली की गाडी थांबवा. दोनदा वाजली की सोडा.

पण गाडी काही सुटत नव्हती. घोडं अडत होतं ते नळावर.

ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांना संभाजीनगर समजावून सांगणं अवघड आहे. आमच्याकडे नळाचा दिवस असतो. तो आठवड्यातून एकदा येईल असं म्हणायची पद्धत आहे, पण तो येतो त्याच्या मर्जीनं. कधी वीज गेली, कधी पाइप फुटला, की आजचं पाणी परवावर जातं आणि मग पुढचे सगळेच दिवस सरकतात. लग्नाची तारीख काढताना लोक आधी पंचांग बघतात आणि मग हळूच नळाचं विचारून घेतात. पाहुण्यांना या म्हणतानासुद्धा जीभ थोडी अडखळते. त्यात आमच्या गल्लीचं पाणी कधी पहाटे यायचं, कधी भर दुपारी, आणि आलं तरी किती वेळ टिकेल ते सांगता यायचं नाही.

काकांनी ह्यावर स्वतःचा इलाज काढला होता. त्यांच्या गॅलरीत एसटीतल्यासारखी दोरी बांधलेली होती आणि तिच्या टोकाला पितळी घंटी. नळाचा दिवस आला की ते सकाळपासून खाली तोटीजवळ स्टूल टाकून बसायचे. आधी नळातून हवा फुसफुसते. ती ऐकली की वर येऊन दोनदा घंटी. सगळी गल्ली उठून मोटारी लावायची, हंडे-पिंप मांडायची. धार बारीक होऊ लागली की एकदा घंटी, म्हणजे मोटारी बंद करा, नाहीतर जळतील. पलीकडे शिवणकाम करणाऱ्या आपा राहायच्या. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचं दार काका स्वतः जाऊन वाजवायचे. आपा त्यांना 'पानीवाले भाईजान' म्हणायच्या. काकांना ही पदवी फार आवडत असे, पण तसं ते दाखवत नसत.

आता समुद्राचं आरक्षण म्हणजे वारा हवा, भरती-ओहोटीचं गणित हवं, तांडेलाची होडी मोकळी हवी. हे सगळं जुळवून तारीख काढावी आणि एसटीचं तिकीट हातात यावं, की नळाचा दिवस सरकत सरकत नेमका त्याच तारखेवर येऊन बसायचा. एकदा नव्हे, दरवर्षी. पहिल्या खेपेला काकांनी फोन करून गंभीरपणे सांगितलं की उद्या आमचा नळ आहे, गाडी रद्द करा. तांडेलाला काही कळेना. त्याच्या अंगणापुढं अख्खा समुद्र. नळ म्हणजे घरचं काही कार्य असावं असं समजून त्यानं विचारलं की जेवणावळ मोठी आहे का. काकांनी मग त्याला सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून तोही तारीख ठरवताना आधी आमच्या नळाची चौकशी करू लागला.

मला ह्या सगळ्याचा राग यायचा. मी म्हणायची की तुम्ही जा, मी रजा काढते, पाणी मी भरते, घंटी मी वाजवते. काका मान हलवायचे. म्हणायचे, म्याडम, तुम्ही शिकलेल्या हायेत, पर नळ शिकून येत नाय. मी काकूंकडे बघायची. काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, मी काय कंडक्टर नाय. त्यांची घंटी त्यांनी वाजवावी. एवढं बोलून त्या भाकरी तव्यावर टाकायच्या आणि विषय संपायचा.

एकदा वैतागून मी काकांना विचारलं की समुद्राचं एवढं वेड आहे तर अलिबागला जा, मुंबईला जा, किनाऱ्यावर उभं राहून बघून या. होडी कशाला, शार्क कशाला? ते येत्या रविवारी पैठणच्या बाजूला चला म्हणाले.

रविवारी ते धरणावर जातात हे मला ठाऊक होतं. बांबूची काठी आणि गळ घेऊन पहिल्या एसटीनं जायचे, संध्याकाळी रिकाम्या हातानं परत यायचे. काकूंच्या धाकानं मासे तिकडंच वाटून टाकत असतील अशी माझी समजूत होती. त्या दिवशी आम्ही एका फाट्यावर उतरलो आणि शेताच्या बांधांवरून बराच वेळ चालत पाण्यापर्यंत गेलो. समोर जायकवाडीचा पसारा. पलीकडचा काठ धड दिसत नव्हता. काका एका दगडावर बसले, गळाला कणकेची गोळी लावली आणि पाण्यात टाकली. मग मोकळ्या हातानं समोर दाखवत बोलू लागले, गाडीत पुढचं गाव पुकारावं तशा सुरात. तो तिथं मारुतीचा पार. त्याच्या उजवीकडं आमची गल्ली. तिसरं घर आमचं. मागच्या अंगाला लिंब.

समोर नुसतं पाणी होतं. दोनचार पाणकोंबड्या पोहत होत्या.

काका मिसरूड फुटायच्या वयाचे असताना धरण झालं आणि त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. वाडवडिलांची जमीन गेली. दुसरीकडे पत्र्याच्या घरात राहायला गेले. पुढं धरणग्रस्त म्हणून नोकरीत जागा मिळाली. हे सगळं त्यांनी अगदी सहज सांगितलं. एवढ्यात काठी वाकली. हाताएवढा रोहू लागला होता. काकांनी हात ओले करून तो धरला, गळ अलगद काढला, माशाला एकदा उलटून पालटून पाहिलं, कुणाचं मूल आहे ते बघावं तसं, आणि पाण्यात सोडला.

"जा," ते म्हणाले. "घर सांभाळ."

दिवसभर त्यांनी हेच केलं. मासा धरायचा, सोडायचा, प्रत्येकाला तेच सांगायचं. परत निघायच्या वेळी त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"म्याडम, आपल्या नळाला पाणी येतं ते माझ्या घरावरून येतं. लोकांला मिळायला पायजे, त्याचं काय नाय. पर एकदा असलं पाणी बघायचंय, ज्याच्या खाली कुणाचं गाव नाय. त्याच्यात मधोमध बसायचंय. आन् त्या शार्कला हात लावायचाय. तो मूळ मालक. त्याला कुणी उठवलं नाय."

 परतीच्या गाडीत काका उभ्या माणसांना जागा करून देत होते आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्या दिवसापासून घरात नळ सोडला की मला तिसरं घर आठवायचं. मागच्या अंगाला लिंब असलेलं. त्यानंतर मी त्यांच्या खुळाला खूळ म्हटलं नाही. उलट त्यांनी जावं म्हणून मलाच घाई झाली.

शेवटी ते गेले ते पाणी बंद झालं म्हणून. शहराची मोठी पाइपलाइन दुरुस्तीला काढली आणि अमुक दिवस नळाला पाणी येणार नाही असं जाहीर झालं. गल्लीवर सुतकी कळा पसरली. काका तेवढे खुलले. येणारच नाही म्हटल्यावर वाट कसली बघायची? त्यांनी तांडेलाला फोन केला, वारा विचारला, तारीख धरली. निघताना दोरी माझ्या हातात दिली आणि एसटीच्या शिस्तीत चार्ज सोपवला. हवा फुसफुसली की दोन. धार बारीक झाली की एक. आपांचं दार विसरायचं नाही. काकूंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. काकांनी घरच्या नळाचं साठवलेलं पाणी बाटल्यांत भरून घेतलं. इतक्या पाण्यात जाताना पाणी घेऊन जाणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आणि अर्थातच दुरुस्ती आधी उरकली आणि ते समुद्रावर असताना नळाला पाणी आलं. मी इतकी गोंधळले की घंटी दोनदा वाजवायची ती वाजवतच सुटले. लोक आग लागली म्हणून बाहेर आले. आपा हातात कात्री घेऊनच धावत आल्या. पण पाणी सगळ्यांना मिळालं.

काका परतले. चेहरा उन्हानं काळवंडलेला, बाकी तसेच. मी जिन्यातच गाठलं आणि विचारलं की काय झालं, शार्क मिळाला का?

"लागला. सोडला," ते म्हणाले. मग विचारलं, "पाणी किती वेळ टिकलं?"

एवढंच. इतकी वर्षं ज्या दिवसासाठी घालवली त्याचं वर्णन दोन शब्दांत. मी खोदून खोदून विचारलं. समुद्र कसा होता? मोठा होता. मासा केवढा? होता हाताएवढा. काकूंनाही ह्यापेक्षा जास्त काही मिळालं नाही. मला वाटलं की निराशा झाली असेल. फार दिवस जपलेल्या गोष्टीचं होतं तसं झालं असेल.

पण फोन थांबले नाहीत. फक्त आता आमंत्रण उलट्या दिशेनं जाऊ लागलं. काका तांडेलाला म्हणायचे, तुम्ही या. पावसाळ्याच्या तोंडाला तुमच्या होड्या वर ओढलेल्या असतात, तुम्हाला काम नसतं, त्याच दिवसांत आमच्या धरणातलं पाणी तळाला जातं, बघण्यासारखं असतं. तांडेल येतो म्हणायचा. तारीख ठरायची, खुर्चीच्या हातावर टकटक व्हायची, चला डबल. आणि ऐन वेळी तिकडून निरोप यायचा. कधी आईचं दुखणं वाढलं, कधी वादळानं छप्पर उडालं. आता काका वाट बघायचे. मी चिडवायची की तांडेलाचाही नळ आला असेल. ते हसायचे, पण त्यांचं हसू पूर्वीसारखं नव्हतं. त्यांना त्या माणसाला काहीतरी दाखवायचं होतं आणि दिवस जात होते, एवढं मला दिसत होतं.

मग मला पुण्यात नोकरी मिळाली आणि मी ते घर सोडलं. इथं नळाला रोज पाणी येतं. सुरुवातीला फार मजा वाटली. पुढं पुढं मला ती घंटी ऐकू येईनाशी झाल्याचं वाईट वाटायला लागलं. माझ्या इमारतीत कोण राहतं ते मला माहीत नाही. एका वेळी सगळ्यांनी दारं उघडून बाहेर यावं असं इथं काही घडतच नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी मला त्या गॅलरीची इतकी आठवण यायची की मी उगाच काकांना फोन लावायची आणि जायकवाडीत पाणी किती आहे ते विचारायची. ते सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, चला म्याडम, डबल.

यंदाच्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. नळाचा दिवस होता. पाणी आलं, वाहून गेलं, आणि गल्लीत कुणाच्या हंड्यात थेंब पडला नाही, कारण घंटी वाजलीच नाही. आपांनी सगळ्यात आधी ओळखलं. त्या येऊन बघतात तो काका तोटीजवळ स्टुलावर, भिंतीला टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले की झोपेतच गेले. मी रडले ते फोन ठेवल्यावर. नंतर कितीतरी दिवस नळ सोडताना हात अडखळायचा.

तांडेल आला तो जूनमध्ये, होडी वर ओढून झाल्यावर. त्याला कळवलेलं होतं, तरीही तो आला. मीही पुण्याहून गेले. चाळिशी ओलांडलेला, रुंद पंजांचा, कमी बोलणारा माणूस. काकूंसाठी त्यानं माडाचा मोड आलेला नारळ आणला होता. चहा झाल्यावर तो म्हणाला की काकांनी मला त्यांचं गाव बघायला बोलावलं होतं. काकू आत गेल्या. मला वाटलं की डोळे पुसायला गेल्या असतील. त्या बाहेर आल्या त्या चप्पल घालून, हातात भाकरीचा डबा घेऊन. एवढ्या वर्षांत त्या एकदाही धरणावर गेल्या नव्हत्या.

धरण तळाला गेलेलं होतं. भेगाळलेल्या गाळातून आम्ही पाण्यापर्यंत चालत गेलो. काकांचा दगड आता पाण्यापासून लांब, उंचावर राहिला होता. आत थोड्या अंतरावर मारुतीच्या पाराचे दगड उघडे पडले होते. त्यावर एक बगळा उभा होता. घर अजून पाण्याखालीच होतं. मी काकूंना आणि तांडेलाला दाखवलं, काकांनी मला दाखवलं होतं तसं. पाराच्या उजवीकडे गल्ली. तिसरं घर. मागच्या अंगाला लिंब.

तांडेल बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला. मग होडीवर त्या दिवशी काय झालं ते त्यानं सांगितलं. काकांना मधोमध बसवलं होतं. मोरी लागली, दमवून दमवून होडीशी आणली. काकांनी पाण्याशी वाकून तिच्या अंगावर हात ठेवला आणि तांडेलाला विचारलं की इथं खाली कुणाचं गाव नाही ना.

"मी खोटा कित्याक सांगू, काकी?" तांडेल म्हणाला. "थंय लाटो फुटतत मा, थंय आमची जुनी वाडी होती. आज्याचा घर होता. माडांसकट गेला दर्यात. मी त्येंका तसाच सांगलंय."

काका तसेच वाकून राहिले. मोरी धडपडत होती, तांडेल म्हणत होता की काका, सोडा आता, मरेल. तेव्हा काकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, जा बाबा, घर सांभाळ. थोडं थांबून पुढं म्हणाले, ह्यांचंबी सांभाळ. मग त्यांनी होडी जुन्या वाडीवर न्यायला लावली, इंजिन बंद करायला लावलं आणि दोघं तिथं ऊन उतरेपर्यंत बसले. भाकरी खाल्ली. काकांनी बाटलीतलं पाणी तांडेलाला प्यायला दिलं आणि सांगितलं की हे माझ्या घरावरचं आहे. आता तुम्ही या, माझं गाव बघायला.

 तांडेलानं पिशवीतून गळाची दोरी काढली. काठी नव्हती, त्यानं दोरी नुसत्या हातानंच पाण्यात टाकली, तिसऱ्या घराच्या रोखानं. आम्ही बसून राहिलो. काही वेळानं दोरी ताणली. छोटा रोहू होता, ओंजळीत मावेल एवढा. तांडेलानं गळ काढला आणि तो पाण्यात सोडायला वाकला.

"आणा इकडं," काकू म्हणाल्या.

मला खरंच वाटेना. त्यांनी लुगड्याचा काठ वर धरला, घोट्याएवढ्या पाण्यात उतरल्या, दोन्ही हात भिजवले आणि जन्मात पहिल्यांदा मासा हातात घेतला. गळ्यातली माळ पुढं लोंबत होती. त्यांनी हात खाली पाण्यात नेले, पण लगेच उघडले नाहीत.

"जावा," त्या म्हणाल्या. "घर सांभाळा. नळाचं मी बघते."

मासा गेला. काकू काठावर आल्या, भाकरीचा डबा जवळ ओढला आणि त्याच्या झाकणावर बोटाच्या पेरानं वाजवलं. दोनदा.